क्रमांक एकतीस अपात्र

घड्याळकाकांना राग आला की त्यांच्या दुकानातली बंद घड्याळंसुद्धा पाच मिनिटं पुढे जातात, असं त्या गल्लीत म्हणत. यात अतिशयोक्ती आहे. दोन-तीन मिनिटंच जात. पण ज्या सोमवारी काकांनी वाचनालयाच्या फलकावरची ती सूचना वाचली, त्या दिवशी समोरच्या बेकरीवाल्याचं घड्याळ एकदम अर्धा तास पुढे पळालं आणि सकाळचा सगळा पाव कच्चा बाहेर निघाला. हे बेकरीवाला स्वतः सांगतो. आपलाच पाव कच्चा होता असं खोटं कोण सांगेल?

सूचना छायाचित्र मंडळाची होती. वर वार्षिक स्पर्धेबद्दल चार ओळी, आणि खाली जाड अक्षरात: "क्रमांक एकतीस अपात्र. कारण: मोबाइलच्या साहाय्याने छायाचित्राला खोटा जुनेपणा दिल्याचे परीक्षकांच्या निदर्शनास आले." पुढे काकांचं नाव. नुसतं नाव नव्हे. त्यांचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असं तिन्ही ओळीनं, दुकानाच्या पाटीवर रंगवावं तसं.

काकांनी ती एकदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्यात अडकवलं आणि तिसऱ्यांदा वाचली. भिंगातून ती आणखीच मोठी दिसली.

"कधीपासून लागलीय ही?" त्यांनी ग्रंथपालांना विचारलं.

"झाले की नऊ दिवस," ग्रंथपाल पुस्तकावर शिक्का मारत म्हणाले. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

म्हणजे नऊ दिवस सगळ्या गल्लीनं ती वाचली होती. न्हाव्यानं वाचली होती, शिंप्यानं वाचली होती, आणि परवाच तो औषधवाला "काय काका, काय म्हणतेय तब्येत?" असं इतक्या मऊ आवाजात का विचारत होता, तेही आता कळलं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि टोपी असती तर उडाली असती.

वडिलांचं नाव! ज्या माणसानं पन्नास वर्षं लोकांची घड्याळं उघडली आणि एकाही घड्याळातला माणकाचा खडा काढून काचेचा बसवला नाही, त्याचं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातला तिळाएवढा स्क्रू हरवला, तर त्यांनी तीन दिवस दुकान बंद ठेवून सगळी धूळ पिठाच्या चाळणीनं चाळली होती. स्क्रू सापडला. सोबत आजोबांच्या काळात हरवलेले आणखी चौदा सापडले, ते ज्याचे त्याला घरपोच दिले. अशा माणसाचं नाव 'खोटा' या शब्दाच्या बरोबर खाली!

घरी येऊन काकांनी दार असं लोटलं की काकूंच्या हातातल्या वाटाण्याच्या शेंगा जागच्या जागी सोलल्या गेल्या.

"मला खोटारडा ठरवलंय!"

"कोणी?"

"तिघांनी! दातांचा डॉक्टर, ती वकीलबाई आणि तो स्टुडिओवाला. म्हणे मी मोबाइलवर रेघ ओढली. माझ्याकडे मोबाइल आहे, त्यात बटणं आहेत बटणं! त्यात फोन येतो हेच आश्चर्य."

"ती पांढरी रेघ ना? भोकातून आलेली?" काकू म्हणाल्या. "दोन वर्षं सांगतेय, अहो, ते भोक बुजवा, भोक बुजवा."

"भोक माझं आहे, मी बघून घेईन!"

भोक कॅमेऱ्याला होतं. काकांचा कॅमेरा घडीचा. बंद केला की जाडजूड पुस्तकाएवढा. बनवणाऱ्यानं डब्यावर छापलं होतं की हा कोटाच्या खिशात मावतो. तो कोट कोणत्या शिंप्यानं शिवला ते छापलं नव्हतं. बाजूचं बटण दाबलं की पुढचं झाकण खट्‌कन खाली पडायचं आणि काळ्या चामड्याचा घड्याघड्यांचा भाता ताणत लेन्स बाहेर यायची, झोपमोड झालेल्या कासवानं मान काढावी तशी. मागे एक छोटीशी लाल काच. तिच्यातून आतल्या रोलवरचे आकडे दिसत, एक ते बारा. किल्ली फिरवायची, आकडा मध्यावर आला की थांबायचं. बस. या जातीचा कॅमेरा माणसाला काही विचारत नाही. रोल पुढे फिरवला की नाही, याची त्याला फिकीर नसते. फिकीर करायची ती माणसानं.

आणि काका करत. त्यांचा चार शब्दांचा नियम होता: उघड, फिरव, टिप, मीट. आधी झाकण उघडायचं आणि मगच रोल फिरवायचा. कारण उघडताना भाता आत हवा ओढतो, त्या ओढीनं फिल्म फुगते. नंतर फिरवली की ती पुन्हा ताठ बसते. जे लोक आधी फिरवून ठेवतात आणि मग उघडतात त्यांच्याकडे काका दयेनं बघत. चाळीस वर्षं हा क्रम त्यांच्या हातात इतका मुरला होता की डबा उघडला तरी उजवा हात झाकण दोनदा फिरवायचा, आणि काकूंनी लोणी ठेवायचा डबा त्यांच्यापासून लपवून ठेवला होता.

भाता मात्र म्हातारा झाला होता. तिसऱ्या घडीच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं भोक. बाजूनं कडक ऊन आलं की त्या भोकातून एक किरण आत शिरायचा आणि फोटोवर तिरकी पांढरी रेघ ओढायचा. क्रमांक एकतीसमध्ये ती रेघ मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे पुसणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून गेली होती. काकांना ती आवडली नव्हती आणि नावडलीही नव्हती. पडली तशी पडली. खाडाखोड करायची नाही, हे वडिलांनी शिकवलं होतं.

बुधवारी काका निघाले तेव्हा काकूंनी एक जडशी पिशवी त्यांच्या हातात दिली. कॅमेरा, एकतीसची निगेटिव्ह, कोरा रोल, तिपाई, रोल धुवायची काळी टाकी, औषधांच्या तीन बाटल्या.

"हे सगळं कशाला?"

"भांडायला जाताय ना? मग सामान घेऊन जा. अर्ध्या भांडणातून 'ते घरी राहिलं' म्हणून परत येता तुम्ही. मागच्या वेळी वीज कंपनीत गेलात तेव्हा बिलच विसरला होतात."

परीक्षकांची बैठक दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरायची, कारण मंडळाचे अध्यक्ष तेच आणि बुधवारी दवाखान्याला सुट्टी. दुसऱ्या परीक्षक वकीलबाई. त्या पक्ष्यांचे फोटो काढत, आणि वेळेवर न आलेल्या पक्ष्याला नोटीस पाठवत, असं त्यांचे अशील सांगत. तिसरा स्टुडिओवाला. वयानं लहान, केस मात्र भरपूर. पासपोर्टचे फोटो काढून काढून त्यानं निम्म्या वस्तीची स्वतःच्या घरात ओळख पटेनाशी करून ठेवली होती.

"या या काका, बसा," म्हणत डॉक्टरांनी सवयीनं दातांच्या खुर्चीकडे हात केला.

"त्या खुर्चीत बसून तोंड उघडतात. मी उभ्यानंच उघडणार आहे."

आणि उघडलं. काका पंधरा मिनिटं बोलले. कपाटातल्या प्लास्टरच्या कवळ्यांनी तेवढ्यात दोनदा दात चावले म्हणतात. शेवटी वकीलबाईंनी हात वर केला.

"काका, राग समजू शकतो. पण आरोप हवेतला नाही. दाखव रे त्यांना."

स्टुडिओवाल्यानं मोबाइल पुढे केला. त्याच्या मांजराचा फोटो, आणि मांजरावरून तिरकी जाणारी पांढरी रेघ. तोच कोन, तीच जाडी.

"हे बघा. 'जुना भाता, परिणाम क्रमांक सात.' बोट लावलं की येतो. तुमच्या एकतीसवर हुबेहूब हाच आहे."

"अरे, माझ्यासारख्यांच्या कॅमेऱ्यांची भोकं बघूनच तर तो बनवला असेल ना कोणी!" काकांचा आवाज चिरकला. "नक्कल त्यांनी करायची आणि चोर मी? उद्या आरसा उठून म्हणेल, ह्या म्हाताऱ्यानं माझं तोंड चोरलं!"

"मग पुरावा द्या," वकीलबाई म्हणाल्या.

"ही निगेटिव्ह."

"निगेटिव्ह आता छापूनही मिळते."

"हा कॅमेरा!"

"कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात काका," स्टुडिओवाला हसून म्हणाला. "असे हल्ली नवेच मिळतात, जुने दिसणारे. कोपरे कारखान्यातूनच घासून येतात. माझ्या काउंटरवर आहे की एक. आत दिवा लावलाय मी त्याच्या. झाकण उघडलं की मस्त पिवळा उजेड पडतो."

काका दोन क्षण गप्प झाले. ते गप्प झाले की जाणते लोक उठून दुसऱ्या खोलीत जात, पण इथे जाणतं कोणी नव्हतं.

"दिवा?" ते हळू म्हणाले. "कॅमेऱ्यात? अरे, आत उजेडाचा कण जाऊ नये म्हणून माणसांनी शंभर वर्षं चामडी शिवली, झाकणं ठोकली, काळे रंग फासले. आणि तू आत दिवा लावलास? घासलेले कोपरे विकत घेतलेस? मी चाळीस वर्षं रोज हाताळून हे कोपरे घासलेत, तर मी खोटा, आणि कारखान्यात कानस मारून घासले ते खरे?"

"उजेड तुमच्याही कॅमेऱ्यात शिरतोच की," वकीलबाई म्हणाल्या.

"न विचारता शिरतो! बोलावून आणलेला नाही!"

डॉक्टरांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात दाबलं. वकीलबाईंनी मात्र टेबलावर बोट आपटलं. "ठीक आहे. प्रात्यक्षिक करा. इथेच, आमच्यासमोर कोरा रोल भरा, फोटो काढा, रोल धुवा. निगेटिव्हवर ती रेघ आली, तर आरोप मागे. नाही आली, तर सूचना राहील."

"आत्ता!" काका म्हणाले, आणि मनात काकूंना नमस्कार केला.

रोल भरला. तिपाई मांडली. झाकण उघडलं, किल्ली फिरवली, लाल काचेत एकचा आकडा आणला. बाजूनं कडक उजेड हवा म्हणून डॉक्टरांचा दात तपासायचा दिवा ओढून नेमका भात्यावर सोडला. कोणाचा फोटो काढायचा, हा प्रश्न होता. खोलीत फोटो काढण्यासारखी वस्तू एकच, ती दातांची खुर्ची. आणि ती रिकामी काढण्यात अर्थ नव्हता.

"मी बसतो," डॉक्टर म्हणाले. "अध्यक्ष आहे." आणि खुर्चीच्या उशीवर डोकं टेकवून त्यांनी मिशा सारख्या केल्या.

काकांनी शटर ताणलं, दाबलं. टिक्.

"झाला. आता हे—"

"आता मी," वकीलबाई म्हणाल्या. "पुरावा एकाच साक्षीदारावर ठेवता येत नाही."

"बाई, साक्षीदार म्हणा नाहीतर हौस म्हणा," डॉक्टर उठता उठता पुटपुटले.

"डॉक्टर, तुम्ही मिशा सावरत होतात तेव्हा मी काही बोलले?" बाई बसल्या, उशीवर डोकं टेकलं, चष्मा नीट केला, आणि अगदी मनापासून हसल्या. काकांनी शटर ताणलं. टिक्.

"आणि ते परिणाम क्रमांक सात," स्टुडिओवाला खुर्चीकडे जाता जाता म्हणाला, "त्याचा कोन बदलता येतो बरं का काका. तुम्ही जरा वेगळा ठेवला असतात ना, तर पकडलेच गेला नसतात."

"बस त्या खुर्चीत!" काका गरजले. "बस, आणि तोंड मीट! तुझ्या बापाचं घड्याळ माझ्या बापानं तीनदा दुरुस्त केलं आणि तिन्हीदा ते तुझ्या बापानंच पाण्यात पाडलेलं होतं!"

तो बसला. डोकं उशीवर. केस उशीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. टिक्.

मग काकांनी झाकण आदळून बंद केलं आणि लाल काचेकडे ढुंकूनही न बघता किल्ली शेवटापर्यंत गरागरा फिरवली. डॉक्टरांच्या कोठीला खिडकी नव्हती. तिच्यात जाऊन, दार लावून, अंधारात कवळ्यांच्या खोक्यांमध्ये उभं राहून त्यांनी रोल टाकीत गुंडाळला. बाहेर आले, बेसिनपाशी औषधं ओतली, टाकी उलटीसुलटी केली, खळबळून धुतली. हात इतका सरावलेला की तोंड वेगळंच काम करत होतं. ते त्या तिघांना खोटेपणा म्हणजे काय, हे समजावून सांगत होतं.

शेवटी त्यांनी ओली पट्टी बाहेर काढली आणि डॉक्टरांनी एक्स-रे बघायची उजेडाची पेटी लावली. चौघांची डोकी तिच्यावर वाकली.

पट्टी जवळजवळ सगळी कोरी होती. स्वच्छ, काचेसारखी. फक्त सुरुवातीला एक चौकोन.

"एकच?" डॉक्टर म्हणाले. "तिघांचे काढलेत ना?"

काकांनी भिंग डोळ्यात घातलं आणि ते वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. उघड, फिरव, टिप, मीट. त्यांनी झाकण मिटलंच नव्हतं. एकामागून एक माणूस येऊन बसत गेला, मधे मधे बोलत गेला, आणि झाकण उघडंच राहिलं. झाकण मिटलं नाही म्हणून ते पुन्हा उघडावं लागलं नाही. उघडावं लागलं नाही, म्हणून हात किल्लीकडे गेलाच नाही. आधी फिरवून ठेवणाऱ्या अडाण्याकडूनही होणार नाही, अशी चूक फक्त नियम पाळणाऱ्याकडून झाली होती.

स्टुडिओवाल्यानं मोबाइलनं त्या चौकोनाचा फोटो घेतला, बोटानं काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं, आणि बघत राहिला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हे बघा जरा."

एक चेहरा होता. एकच. डॉक्टरांच्या मिशा, त्यावर वकीलबाईंचा चष्मा, त्याखाली बाईंचंच हसू, आणि भोवती स्टुडिओवाल्याचे केस. एकाच खुर्चीत, एकाच उशीवर तिघांनी डोकी टेकल्यामुळे नाकावर नाक आणि कानावर कान असे बसले होते की जन्मतःच तसे असावेत. खरं तर तीनदा उजेड पडून सगळं करपायला हवं होतं. पण रागात काकांनी प्रत्येक वेळी उजेडाचा अंदाज कमी धरला होता, आणि तीन कमी मिळून एक पुरेसा झाला होता. आणि त्या चेहऱ्यावरून, उजव्या कपाळापासून डाव्या हनुवटीपर्यंत, पांढरी रेघ. तिरकी. एकतीसवर होती तिथेच.

"रेघ आहे," वकीलबाई शेवटी म्हणाल्या. त्या बाईला एवढं श्रेय द्यायलाच हवं. "आरोप मागे. काका, तुम्ही खरे आहात."

"हा दात मी भरलाय," डॉक्टर मोबाइलमध्ये नाक खुपसून म्हणाले. "बाई, हा तुमचाच. पण माझ्या मिशांखाली काय शोभतोय!"

"काय चीज आहे हो ही!" स्टुडिओवाला खऱ्याखुऱ्या कौतुकानं म्हणाला. "न्याय करणारे तिघं, चेहरा एक. काका, हे डोक्यात आलं कसं तुमच्या?"

"डोक्यात आलेलं नाही. चुकलं."

"मोठी माणसं असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "ह्याला पहिला क्रमांक. 'न्यायाचा चेहरा' नाव देऊ. मुदत संपली असली तरी परीक्षकांचं एकमत असलं की चालतं, नियम नऊ."

"एकमत काय म्हणता, आता तोंडच एक आहे आपलं," वकीलबाई म्हणाल्या, आणि तिघं मनमुराद हसले.

काका हसले नाहीत. "एकतीसचं काय?"

"एकतीस राहू द्या ना आता," डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "हा त्याच्यापेक्षा कितीतरी वरचढ आहे. त्या सूचनेवर ह्याच निकालाचा कागद लावून टाकू. विषयच संपला."

आता यापुढे काय झालं, याबद्दल मतभेद आहेत. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणतो की छताची पोपडी त्याच्या कातरीवर पडली. वरच्या मजल्यावरची बाई म्हणते की तिची तीन महिने न रडलेली मुलगी रडली. काका काय बोलले, याबद्दल मात्र मतभेद नाहीत, कारण ते रस्त्यापलीकडे ऐकू गेलं.

"विषय संपला? कोणाचा संपला? मी इमानानं काढलेला फोटो तुम्हाला खोटा वाटला, आणि माझा हात चुकला तो तुम्हाला कला वाटली! तुमच्या डोळ्यांत काय भाते बसवलेत फाटके? चाळीस वर्षांत पहिल्यांदा रोल फिरवायला विसरलो, मला शरमेनं जमिनीत जावंसं वाटतंय, आणि तुम्ही त्याला बक्षीस देताय! आणि वर कागद चिकटवणार! घाव तसाच ठेवून वर पाटी लावणार! अकरा दिवस माझ्या बापाचं नाव तिथे टांगलंय तुम्ही, अकरा दिवस! तो औषधवाला माझ्याशी मऊ बोलतोय!"

पेटीवरची पट्टी वाळत, वळत गुंडाळू लागली.

"काय करायचं सांगा काका," वकीलबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी बोट आपटलं नाही.

"ती सूचना काढायची. तिच्याच जागी दुसरी लावायची. तेवढाच कागद, तेवढंच जाड अक्षर. 'क्रमांक एकतीस खरा आहे. परीक्षकांनी चुकून खोटा म्हटले.' आणि पुढे माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं, तसंच. आणि ती अकरा दिवस लागलीच पाहिजे."

"'परीक्षकांनी चुकून' असं—" स्टुडिओवाल्यानं तोंड उघडलं.

"असंच," बाई म्हणाल्या.

"आणि एकतीसला नीट तपासा. नंबर नका देऊ. वाईट असेल तर वाईट म्हणा. पण बघा तरी त्याच्याकडे!"

"आणि हा?" डॉक्टरांनी पट्टीकडे बोट केलं. त्यांचा जीव त्या मिशांत अडकला होता. "हा नको म्हणता? तुमचं नाव न घालता लावू का? निनावी?"

"निनावी?" काका पुन्हा उसळले. "फोटो कोणी काढला, तुमच्या कवळीनं? लावायचा असेल तर नाव घालूनच लावायचा. बक्षीस नको. 'न्यायाचा चेहरा'बिहरा नको. खाली लिहायचं: 'चूक', आणि माझं नाव. न केलेल्या खोट्याखाली माझं नाव चालणार नाही मला. केलेल्या चुकीखाली हवं."

एकतीसला बाईंनी पंधरा मिनिटं बघितलं आणि दहापैकी सहा दिले. डॉक्टरांनी पाच. स्टुडिओवाल्यानं साडेसात दिले, मग काकांच्या नजरेला नजर भिडली तेव्हा कमी करून सहा केले. नंबरात तो आला नाही. काका पिशवी उचलून शांतपणे घरी गेले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"सहा, पाच आणि सहा."

"बरे दिलेत."

"पाच जरा कमीच आहेत. पण त्या डॉक्टरला दातांपलीकडे कळत नाही. असो." काका पाणी प्यायले. "आज रोल फिरवायला विसरलो गं."

काकूंनी काही टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं, आणि लोण्याचा डबा कपाटातून काढून टेबलावर ठेवला.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरलं. 'चूक' या फोटोपुढे इतकी गर्दी झाली की मागच्यांना बघता यावं म्हणून पुढच्यांना खाली बसवलं. काका रोज तिथे उभे राहत आणि प्रत्येकाला सांगत की हे मुद्दाम केलेलं नाही, झाकण मिटायचं राहिलं. लोक माना डोलवत, एकमेकांना कोपरानं ढोसत आणि म्हणत, किती साधा माणूस आहे. त्यानं काकांचा पारा आणखी चढे. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी एक आकृती काढून आणली, भात्याची, किल्लीची, बाण दाखवून. ती आकृतीही लोकांना फार आवडली.

खाली फलकावर नवी सूचना लागली होती. पहिल्या दिवशी काकांनी मोजपट्टी घेऊन अक्षरं मोजली. बरोबर होती. रोज सकाळी ते भिंग लावून ती वाचून जात. न्हाव्यानं वाचली, शिंप्यानं वाचली. औषधवाला पाचव्या दिवशी काकांवर सुट्ट्या पैशांवरून खेकसला, आणि काकांना फार बरं वाटलं.

बाराव्या दिवशी सकाळी काका वाचनालयात शिरले, आणि फलकाकडे बघून थबकले.

"ही अजून कशी इथे?"

"असू द्या की काका," ग्रंथपाल शिक्का मारत म्हणाले. "चांगलंच लिहिलंय. राहिली चार दिवस जास्त तर काय बिघडलं?"

"चार दिवस जास्त?" काकांचा आवाज असा चढला की वाचनालयात बसलेल्या दोघांनी पुस्तकं मिटली. "अकरा ठरले होते! आज बारावा. कोणाच्या परवानगीनं? माझ्या बापाच्या नावावर फुकटचा एक दिवससुद्धा चढवायचा नाही, सांगून ठेवतो!"

आणि त्यांनी खिशातून बारीक चिमटा काढला, चारही टाचण्या एकेक करून उपटल्या, सूचना नीट घडी करून ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली, आणि तिच्यावर त्या टाचण्या ओळीनं मांडून पुन्हा एकदा मोजून दाखवल्या.